एफवायचं पोर कोणत्या क्रायटेरियात बसतं?

कॉलेजात नॅकची कमिटी येणार हे कळायला नोटीस बोर्ड वाचावा लागत नाही. रंगाचा वास पुरतो. जिन्याखालचे मोडके बाक रातोरात गोडाउनात जातात. गांडूळखताच्या खड्ड्यात पाच वर्षांनी गांडुळं येतात. गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाला बाण काढून ‘पर्जन्यजल संधारण’ असं लिहिलं जातं, म्हणजे पाऊस पडलाच तर त्याला कुठे जायचं ते वाचता यावं. ग्रंथपालांच्या टेबलावर फुलदाणी दिसू लागते. स्टाफरूममध्ये चहा थंड होत असतो आणि एकच प्रश्न फिरत असतो: “क्रायटेरिया सातची फाइल कुणाकडे आहे?”

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद. जन्म १९९४, मुक्काम बेंगळुरू, पालक विद्यापीठ अनुदान आयोग. सात क्रायटेरिया आणि चार गुणांची मोजपट्टी. ३.५१ च्या पुढे गेलात की ए प्लस प्लस, १.५० च्या वर जमलं नाही तर डी आणि नमस्कार. या सातांत अभ्यासक्रम येतो, अध्यापन येतं, संशोधन येतं, इमारत येते, विद्यार्थ्यांना द्यायचा आधार येतो, प्रशासन येतं, मूल्यंही येतात. पण परवाच पाठीला सॅक लावून जो गेटातून आत आला आणि अजून ज्याला मुताऱ्या कुठे आहेत ते सापडलेलं नाही, तो एफवायचा पोरगा यांतल्या कोणत्या क्रायटेरियात बसतो, असं विचारलं की आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक मॅडम चष्मा काढून पुसायला लागतात.

आमची नॅकशी दुश्मनी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उलट आम्हाला आदरच आहे. महाराष्ट्रातलं कॉलेज आज कुणाला घाबरतं ते बघा. विद्यापीठाला? तिथल्या समित्यांवर आपलेच लोक आहेत. पालकांना? ते वर्षातून एकदा फीच्या खिडकीबाहेर उभे असतात. विद्यार्थ्यांना? कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद होऊन तीन दशकं उलटली. राहता राहिलं नॅक. नॅक झालेल्या संस्थांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला, म्हणजे या धास्तीतही आपणच पहिले. एवढी ताजी, कामाची भीती राज्यात फुकट उपलब्ध असताना ती सगळी गांडूळखतावर का खर्च करायची? थोडी एफवायच्या वर्गात नेऊन सोडा. या आठवड्याचं आमचं म्हणणं एवढंच.

* * *

नॅक कुठे मोजतं ते आधी पाहू. २०१७ च्या सुधारित आराखड्यापासून बरेचसे गुण, साधारण ७० टक्के, आकड्यांवर गेले. संलग्नित कॉलेजांच्या नियमावलीत क्रायटेरिया दोनची सुरुवातच प्रवेशापासून होते. मंजूर जागा किती, भरल्या किती, राखीव जागांवर किती. इथे एफवायचं डोकं एकदा मोजलं जातं. त्याच क्रायटेरियात पुढे निकालाची टक्केवारी येते. कुणाची? शेवटच्या वर्षाची. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसले किती, उत्तीर्ण झाले किती. मग क्रायटेरिया पाचमध्ये नोकरी आणि पुढचं शिक्षण. कुणाचं? बाहेर पडणाऱ्यांचं.

म्हणजे मोजणी दारात, आणि मग एकदम निरोप समारंभात. मधल्या काळात कोण कुठे गेलं, याला रकानाच नाही.

समजा, एका कॉलेजात एफवाय बी.ए.ला १२० पोरं आली. टीवायला ४५ उरली. त्यांतली ४० पास झाली. निकाल किती? ८९ टक्के. फ्लेक्स लागला, पेढे वाटले, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आला. आता हाच भागाकार १२० ने करा. ३३ टक्के. इतका कमी आकडा घालून फ्लेक्स छापणारा प्रेसवाला अजून जन्माला यायचा आहे. हे आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले. खरे तुमच्या कॉलेजच्या हजेरीपटात पडलेले आहेत, कधी कुणी जुने हजेरीपट उघडलेच तर. गंमत अशी की दोन्ही भागाकार बरोबर आहेत. छेद कोणता घ्यायचा एवढाच प्रश्न आहे, आणि छेद ठरवताना ७५ पोरं कुठल्या कुठे गेली.

ती कुठे गेली, याला मोठं संशोधन लागत नाही. कुणी तालुक्याच्या गावाहून एसटीने येत होती. पहिला तास साडेसातचा, गाडी पोहोचायची सव्वाआठला. कुणी बारावीपर्यंत मराठीतून शिकला आणि इथे अकाउंटन्सीचं पुस्तक इंग्रजीत. कुणाचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दिवाळीनंतरही तपासणीतच अडकलेला. कुणाला वसतिगृह मिळालं नाही आणि रूमचं डिपॉझिट परवडलं नाही. मग पहिल्या सेमिस्टरला तीन केट्या लागतात, आणि घरचे म्हणतात, “राहू दे गं, कशाला उगाच.” यांतलं एकही कारण पाइपावर बाण काढून सुटण्यासारखं नाही. पण जवळपास प्रत्येक कारण पहिल्या दोन महिन्यांत कुणी विचारलं असतं तर कळलं असतं, आणि निम्मी तरी सुटली असती. साडेसातचा तास साडेआठला नेला की एसटीची अडचण संपते. त्याला ना अनुदान लागतं ना ठराव. त्या गाडीचं वेळापत्रक कुणालातरी माहीत असावं लागतं, बस.

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर उपाय काढला आहे म्हणे. पूर्वी पहिल्या वर्षानंतर पोर जायचं ते हात हलवत. आता ४० श्रेयांक जमवा, उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम करा, सर्टिफिकेट घ्या आणि सुखाने निघा. तीन वर्षांत परत यायची मुभा, सात वर्षांत पदवी पुरी. कागदावर चोख आहे. फक्त पहिल्याच सेमिस्टरला तीन विषयांत आडवा झाल्यामुळे जो निघाला, त्याच्याकडे ४० श्रेयांक यायचे कुठून? ज्याला जायची गरज नाही त्याच्यासाठी दार सजवलंय, आणि जो निघून गेला त्याच्या हातात अजूनही एसटीचा जुना पासच आहे.

* * *

याच धोरणापायी प्रवेशाच्या खिडकीवरचा हा संवाद २०२४ च्या जूनपासून महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात ऐकू यावा.

“सर, मला इतिहास घ्यायचाय.”

“मेजर की मायनर?”

“इतिहास, सर.”

“बरं, मेजर लिहितो. मायनर कुठला? आणि ओई दुसऱ्या शाखेची हवी.”

“म्हणजे काय, सर?”

“बास्केट बघ, बोर्डावर लावलीय. व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. एबीसी आयडी काढलास का?”

“एबीसीडी येते, सर.”

सर हसत नाहीत. त्यांनाही बास्केट कालच कळली आहे. सकाळी एक जीआर आला, दुपारी त्याचं शुद्धिपत्रक आलं. पण सरांचा पगार बास्केटवर अवलंबून नाही. पोराची चार वर्षं आहेत. अठराव्या वर्षी, रांगेत उभं राहून, मागच्या मुलाचं कोपर पाठीत लागत असताना त्याने हे ठरवायचं. चुकलं तर ते डिसेंबरात कळतं. तोवर विषय बदलायची मुदत संपलेली असते आणि सूचना बोर्डावरच लावलेली असते.

* * *

या गोंधळावर उपाय कुणाला सुचलाच नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. नव्या मुलांना कॉलेजात कसं रुळवायचं याचे तिच्यात चार भाग आहेत: एकमेकांशी आणि वरच्या वर्गांतल्या मुलांशी ओळख, संस्थेशी जवळीक, नियम आणि मिळणाऱ्या सोयींची माहिती, आणि अभ्यास, कला, खेळ यांचा प्रत्यक्ष अनुभव. अभियांत्रिकीच्या पोरांसाठी एआयसीटीईने तर तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सांगितला आहे. कल्पना शहाणपणाची आहे. तीन आठवडे पुस्तक बाजूला ठेवा, पोराला आधी माणसं कळू द्या.

कॉलेजांनी हे तीन आठवडे तीन तासांत बसवले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांनी सांगितलेली पाहुण्यांच्या संघर्षाची कहाणी, अँटी-रॅगिंगच्या शपथपत्राची लिंक, आभार, चहा. एक फोटो जिओटॅग करून काढायचा, नाहीतर झालेलं झालं नाही असं धरतात. अहवालात तो फोटो पहिल्या पानावर असतो. पोरं गोंधळलेली दिसतात, पण अक्षांश-रेखांश अचूक आहेत.

त्यात पुन्हा प्रवेशफेऱ्यांचं वेळापत्रक. पहिल्या फेरीवाले येऊन बसतात, कार्यक्रम होतो, मग शेवटच्या फेरीतले येतात आणि त्यांच्यामागून संस्थास्तरावरच्या जागांवरचे. ज्याला कमी गुण होते, ज्याची कागदपत्रं अडली होती, ज्याचं जातवैधता प्रमाणपत्र उशिरा आलं, तोच नेमका शेवटी पोहोचतो. आधाराची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला मंडपवाला खुर्च्या उचलताना दिसतो.

हे कॉलेजच्या दुष्टपणामुळे होत नाही. कॉलेज हुशार आहे. जे विचारलं जातं तेच ते करतं. नॅक विचारतं, कार्यक्रम झाला का? झाला. फोटो? आहे. उपस्थितीची सही? आहे. पोर दिवाळीनंतर परत आलं का, हे कुणी विचारलेलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे विद्यार्थीही लिहीत नाही, मग प्राचार्य का लिहितील?

* * *

अभियांत्रिकीवाल्यांचं आणखी एक दैवत आहे, एनबीए, म्हणजे राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ. त्यांच्याच कामाच्या जोरावर भारत २०१४ साली अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यांनी २०१५ च्या स्वयंमूल्यांकन नमुन्यात चक्क एक अख्खा निकष पहिल्या वर्षाला दिला. निकष आठवा. एकूण गुण १०००, पहिल्या वर्षाचे ५०. चार वर्षांच्या शिक्षणात पहिलं वर्ष पाव असतं. गुणांत ते एक विसांश होतं.

बरं, त्या ५० ची वाटणी तरी पाहा. पहिल्या वर्षाला पुरेसे शिक्षक आहेत का, ५ गुण. ते पात्र आहेत का, ५ गुण. मुलांची कामगिरी, १०. उरलेले ३० कशाला? विषयांची उद्दिष्टं (सीओ) आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टं (पीओ) गाठल्याचा हिशेब मांडायला. म्हणजे वर्गात शिकवायला माणूस आहे का आणि तो शिकलेला आहे का, या दोन्ही प्रश्नांना मिळून १० गुण. सीओ-पीओच्या एक्सेल शीटला त्याच्या तिप्पट. स्टाफरूममध्ये रात्री आठपर्यंत दिवा का जळतो, ते लक्षात आलं असेल.

कामगिरीचे १० गुण काढायचं सूत्र तर फ्रेम करून लावावं असं होतं. यशस्वी मुलांच्या गुणांची सरासरी घ्यायची, आणि तिला यशस्वी भागिले परीक्षेला बसलेले या अपूर्णांकाने गुणायचं. यशस्वी कोण? ज्याला दुसऱ्या वर्षात जायची परवानगी मिळाली तो. केट्या खांद्यावर घेऊन वर चढलेलाही यशस्वीच. आणि नोव्हेंबरात खोली सोडून, परीक्षेचा फॉर्म न भरता गावी गेलेला? तो अंशात नाही आणि छेदातही नाही. कॉलेजने त्याला वर्गातून गमावलं, सूत्राने गणितातून.

तरीही आम्ही एनबीएचे आभार मानतो. निकष होता म्हणून पहिल्या वर्षाचं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण कॉलेजांना निदान लिहून काढावं लागलं. पाच गुणांच्या धाकाने का होईना, कुणीतरी मोजलं. धाक कामाला येतो याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला नको. तो योग्य जागी लावावा, एवढंच.

* * *

“पण आमच्याकडे मेंटॉर-मेंटी आहे!” असं आता एक प्राचार्य नक्की म्हणतील. आहे ना. रजिस्टर आम्हीही पाहिली आहेत. प्रत्येक शिक्षकाकडे साठ-सत्तर मुलं. तारीख, विद्यार्थ्याचं नाव, अडचण, केलेली मदत, सही. अडचणीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘नाही’. एवढी सुखी तरुण पिढी जगात दुसरीकडे कुठे नसेल. रजिस्टर वर्षभराचं आणि सह्या एका दुपारच्या, हे झाकायला शाईचे तीन रंग वापरायची चतुराई मात्र मानावी लागेल.

यावर नॅकने एक तोड काढली होती, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. मुलांना थेट ईमेल जातो, २१ प्रश्न असतात, त्यांत मेंटॉर पाठपुरावा करतो का, असंही विचारतात. हेतू उत्तम. फक्त गावाकडून आलेल्या एफवायच्या पोराचा ईमेल प्रवेशाच्या वेळी नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत असतो. नॅकचा प्रश्न पोहोचतो, पण कॅफेवाल्यापर्यंत. शिवाय कॉलेजात विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १०० जणांची उत्तरं, दोन्हींपैकी जे कमी ते, एवढ्यावर भागतं. ती शंभर पोरं कोणती असतील, हे ओळखायला ज्योतिषी नको. कमिटीच्या स्वागताला फेटे बांधून लेझीम खेळणाऱ्यांत ती सगळी सापडतील.

मुळात एफवायला शिकवतं कोण? ज्येष्ठ प्राध्यापक टीवाय आणि एम.ए.कडे. एफवायचे बरेचसे तास सीएचबीवाल्यांकडे, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही मिळतात तेव्हा. सकाळी या कॉलेजात, अकराला त्या कॉलेजात, दुपारी तिसऱ्याच गावात. वर्ग संपल्यावर एखादी मुलगी “सर, थोडं बोलायचं होतं,” म्हणाली तर सरांची एसटी सुटते. पोराचं ऐकून घेण्याचा तास वेळापत्रकात नाही, म्हणून तो बिलातही नाही. आणि आपण आशा धरून बसलोय की पहिल्या वर्षाचा आधारस्तंभ हा माणूस होईल, ज्याला स्वतःला पुढच्या जूनचा भरवसा नाही.

* * *

अमेरिकेचं कौतुक करायची आम्हाला सवय नाही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७० च्या मे महिन्यात साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत संतापलेले विद्यार्थी घुसले. नॅशनल गार्ड बोलवावे लागले. त्या वेळचे अध्यक्ष थॉमस जोन्स यांनी हे शांत झाल्यावर एक विचित्र प्रश्न विचारला: या पोरांना आपलं विद्यापीठ आवडत का नाही? दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘युनिव्हर्सिटी १०१’ नावाचा पहिल्या वर्षाचा वर्ग सुरू झाला. मुलांचे छोटे गट आणि प्रत्येक गटाला शिकवणारा एक माणूस. विद्यापीठ म्हणजे काय, इथे अभ्यास कसा करायचा, अडलं तर कुणाकडे जायचं, हाच अभ्यासक्रम. जॉन गार्डनर यांनी तो पुढे वाढवला, आणि पहिल्या वर्षाकडे स्वतंत्रपणे बघायची रीत तिथून देशभर गेली. आपल्याकडे प्राचार्यांच्या केबिनबाहेर घोषणा झाल्या तर दुसऱ्या दिवशी कुलूप आणि सीसीटीव्ही बसतो.

खरी गंमत पुढे आहे. त्या दक्षिणेकडच्या राज्यांतली प्रत्यायन करणारी संस्था, सॅक्सकॉक, हिने २००१ मध्ये एक अट घातली. प्रत्यायन हवं असेल तर कॉलेजने मुलांचं शिकणं सुधारेल असा एकच ठोस विषय निवडायचा, त्याची योजना लिहायची, पैसा आणि माणसं ठेवायची, आणि पाच वर्षांनी काय फरक पडला ते सांगायचं. कितीतरी कॉलेजांनी विषय निवडला तो पहिलं वर्ष. कारण पहिल्या वर्षात सुधारणा झाली की आकडा दिसतो. तिथे पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी पुढच्या शरदात किती परतले, हा आकडा प्रत्येक कॉलेजला सरकारला द्यावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. प्रत्यायनाचा धाक आणि पहिल्या वर्षाचा कार्यक्रम यांची गाठ तिथे कागदावर बांधलेली आहे. आपल्याकडे दोन्ही आहेत, पण त्यांची ओळख करून द्यायला मध्यस्थ नाही.

* * *

“म्हणजे आणखी एक क्रायटेरिया? आणखी एक फाइल?” मॅडमनी आता चष्मा टेबलावर ठेवलाय. त्यांचं बरोबर आहे. फाइलींचं काय होतं ते आपण पाहिलं. २०२३ मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन ग्रेडच्या कारभारावर बोट ठेवून नॅकच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षपदावरून बाहेर पडले. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका संस्थेला ए प्लस प्लस मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने भेट समितीच्या अध्यक्षांसकट अनेकांना अटक केली. रोख, सोनं, मोबाइल, लॅपटॉप असा ऐवज. त्याआधीच, इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं की ग्रेडच काढून टाकू. प्रत्यायित किंवा अप्रत्यायित, एवढंच. वरच्या इयत्तेसाठी एक ते पाच पातळ्या.

चांगलं आहे. नवा आराखडा लिहायचाच आहे तर त्यात हे लिहा.

एक, छेद बदला. एफवायला आलेल्या शंभरांपैकी एसवायला किती पोहोचले, हा एकच आकडा घ्या. मुलींचा वेगळा, राखीव प्रवर्गांचा वेगळा, मराठी माध्यमातून आलेल्यांचा वेगळा. याला ना फाइल लागते ना फुलदाणी. प्रत्येकाचा कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) विद्यापीठाकडे आहे, परीक्षेचे फॉर्म विद्यापीठाकडे आहेत, आता प्रत्येकाच्या नावावर श्रेयांक पेढीचा एबीसी आयडीही आहे. पोर दुसऱ्या कॉलेजात गेलं की शिक्षणातूनच गेलं, हे संगणकाला विचारता येतं. संशोधनपत्रिका विकत मिळतात, पुरस्कार विकत मिळतात. परीक्षेच्या फॉर्मवर न आलेली ७५ पोरं सोन्याच्या नाण्याने हजर करता येत नाहीत.

दोन, तुलना बरोबरीच्यांत करा. नाहीतर कॉलेजं उद्यापासून फक्त नव्वद टक्केवाल्यांना घेतील आणि तळोद्याच्या, एटापल्लीच्या कॉलेजला पुण्याच्या कॉलेजच्या मापाने झोडतील. कॉलेजने स्वतःच्या मागच्या आकड्यापेक्षा किती सुधारलं, ते बघा. साठावरून सत्तरावर आणणारा प्राचार्य हा पंच्याण्णवावर बसून राहिलेल्यापेक्षा मोठा माणूस आहे.

तीन, कमिटी ऑगस्ट-सप्टेंबरात पाठवा, आणि कुठल्या एफवायच्या मुलांशी बोलायचं त्यांचे रोल नंबर कमिटीने काढावेत, तेही त्याच सकाळी. लेझीम रद्द. पोराला एवढंच विचारा: अडलं तर कुणाकडे जातोस? त्याने एका माणसाचं नाव घेतलं तर कॉलेज पास. “नोटीस बोर्डाकडे,” म्हणाला तर नापास.

चार, मेंटॉरचा, म्हणजे पालक-शिक्षकाचा, तास कार्यभारात धरा आणि सीएचबीवाल्याला त्याचे पैसे द्या. फुकटच्या मायेवर चालणाऱ्या योजना रजिस्टरातच चालतात.

पाच, जी पोरं गेली त्यांना फोन करा. प्रत्येकाला एक. का गेलास, ते एका ओळीत लिहा. नॅक दोन ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ मागतं. आजवर एक वृक्षारोपणाची आणि दुसरी योगदिनाची होत आली आहे. त्यांतली एक कमी करून ही यादी जोडा. वाचायला जड जाईल, पण पुढच्या जूनमध्ये काय करायचं ते कुठल्याही सल्लागाराशिवाय कळेल. आणि नॅकची फाइल लिहून देणारा सल्लागार काय भावाने मिळतो, ते संस्थाचालकांना माहीतच आहे.

यावर संस्थाचालक म्हणतील, कॉलेज काही पाळणाघर नाही, पोरं अठरा वर्षांची आहेत. मान्य. पण मग प्रवेशाच्या वेळी ‘आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ अशी जाहिरात देताना ती पाल्य असतात, आणि डिसेंबरात एकदम प्रौढ नागरिक होतात, हे कुठल्या धोरणात लिहिलंय? फी घेताना पोर कॉलेजचं आणि गेल्यावर त्याच्या बापाचं, असा हिशेब कुठल्याच क्रायटेरियात बसत नाही.

तेव्हा गेटवर ए प्लस प्लसची पाटी लावा, तिच्यावर झिरमिळ्या सोडा, आमची हरकत नाही. फक्त छेद बदलेपर्यंत तिच्याखाली, म्युच्युअल फंडवाले छापतात तेवढ्या बारीक अक्षरांत, एक ओळ टाका: ‘वरील श्रेणी केवळ परीक्षेला बसलेल्यांपुरती लागू. बाकीच्यांच्या प्रवासाची जबाबदारी एसटी महामंडळाची.’